घोडबंदरचा टॉवर, खालचा वारा आणि मेश : पहिला सेल किती उंच घ्यावा?

कोलशेत_वारा

ठाण्यात घोडबंदर रोड आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका निवासी टॉवरभोवतीचा वारा सीएफडीत, म्हणजे प्रवाहाच्या संगणकी हिशोबात, बघायचा आहे. उंची १२० मीटर, प्लॅन ३० बाय २४ मीटर, खाली १५ मीटरचं पोडियम. पोडियमखालून एक वाट आरपार जाते, ६ मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच. जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या अंगावर, वारा कुठे आणि किती वाढतो एवढंच हवं आहे. सॉफ्टवेअर ओपनफोम, पद्धत स्थिर रॅन्स (काळानुसार न बदलणारा सरासरी प्रवाह), टर्ब्युलन्सचं मॉडेल रिअलायझेबल के-एप्सिलॉन.

घोडं अडलंय मेशवर, म्हणजे हवेची जागा ज्या छोट्या सेलमध्ये तोडतो त्या जाळीवर. वाय-प्लस (पहिल्या सेलच्या मध्याचं भिंतीपासूनचं अंतर, भिंतीच्या एककांत) १ धरून भिंतीलगत पातळ सेलचे लेयर टाकले की मेश बनवणारं स्नॅपीहेक्समेश निम्म्या भिंतींवरचे लेयर काढून टाकतं, मेश तपासणारं चेकमेश नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलचा तिरपेपणा) ८२ अंश दाखवतं आणि सेलची संख्या दोन कोटींच्या पुढे जाते. मशीन ६४ जीबीचं. बॅकग्राउंड सेल १६ मीटर. पहिला सेल किती घ्यावा आणि एकूण किती सेलमध्ये हे बसायला हवं?

येऊर_उतरण

वाय-प्लस १ आधी सोडून द्या. या कामात तो लागत नाही, आणि का लागत नाही हे आकड्यांतच दिसतं.

३० अंशांच्या हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी साधारण १.६ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद. भिंतीजवळ वारा ५-६ मीटर प्रति सेकंद असेल तर घर्षणवेग (भिंतीवरच्या घर्षणाचं वेगाच्या रूपातलं माप) ढोबळमानाने त्याच्या ५ टक्के, म्हणजे ०.३ धरू. वाय-प्लस १ साठी पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून १.६ × १०⁻⁵ भागिले ०.३, म्हणजे ०.०५ मिलिमीटरवर यायला हवा. सेलची उंची ०.१ मिलिमीटर. तिथून १.२ च्या वाढीने अर्ध्या मीटरच्या सेलपर्यंत पोचायला ४७ लेयर लागतात! पोडियमच्या प्रत्येक कोपऱ्यात ४७ लेयर वळवायला सांगितले तर स्नॅपी ते टाकून देणारच, त्याचा दोष नाही.

अर्ध्या मीटरचा सेल घेतला तर मध्य ०.२५ मीटरवर आणि वाय-प्लस साधारण ४,७००. पुस्तकातल्या ३० ते ३०० च्या पट्ट्यात हे बसत नाही म्हणून लोक घाबरतात. पण त्या पट्ट्याची वरची मर्यादा सगळीकडे एक नसते. रेनॉल्ड्स संख्या (वेग गुणिले माप भागिले व्हिस्कॉसिटी) वाढली की लॉगचा भाग, म्हणजे जिथे वेग अंतराच्या लॉगने वाढतो तो, वर सरकतो. इमारतींच्या मापावर ती कोटींमध्ये असते आणि वाय-प्लस हजारांत येणं ही तिथली रोजची गोष्ट आहे.

दुसरं कारण भूमितीचं. टॉवरचे कोपरे धारदार आहेत, त्यामुळे प्रवाह भिंत कुठे सोडणार हे कोपराच ठरवतो, भिंतीलगतच्या बाउंडरी लेयरला (भिंतीने मंदावलेल्या थराला) तिथे फारसं म्हणणं नाही. वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतचा थर सेलने न सोडवता सूत्राने धरणं, चालतं ते यामुळेच. टॉवर गोल असता किंवा कोपऱ्यांना मोठी गोलाई असती तर सेपरेशनची, म्हणजे प्रवाह भिंत सोडण्याची, जागा बाउंडरी लेयरच्या अवस्थेवर अवलंबून राहिली असती आणि मी हे इतक्या सहज म्हटलं नसतं.

मोजपट्टी

डोमेनचं, म्हणजे हिशोबात घेतलेल्या हवेच्या ठोकळ्याचं, माप. टॉवरची उंची एच म्हणा. वाऱ्याच्या बाजूला ५ एच, दोन्ही कडांना ५-५ एच, टॉवरच्या वर ५ एच, मागे १५ एच. तुमच्या बाबतीत लांबी सुमारे २,४२४ मीटर, रुंदी १,२३० आणि उंची ७२०. अडथळ्याचं प्रमाण ३० × १२० भागिले १,२३० × ७२०, म्हणजे ०.४ टक्के. मर्यादा ३ टक्क्यांची आहे, तेव्हा आजूबाजूच्या इमारती धरूनही काळजी नाही. त्या इमारती १ ते २ एचपर्यंत, म्हणजे १२० ते २४० मीटरच्या वर्तुळात, निदान साध्या ठोकळ्यांच्या रूपात घ्याच.

१६ मीटरच्या सेलने बॅकग्राउंडला १५२ × ७७ × ४५, सव्वापाच लाख सेल. तिथून प्रत्येक लेव्हलला सेल निम्मा होतो : ८, ४, २, १, ०.५. पेट्या अशा :

८ मीटर : १,२०० × ८०० × ३०० मीटर, ५.६ लाख सेल
४ मीटर : ६०० × ४०० × २००, ७.५ लाख
२ मीटर : टॉवर आणि त्याची वेक (मागचा ढवळलेला वारा), ३०० × २५० × १५०, १४ लाख
१ मीटर : आवाराभोवती १५० × १५०, ६ ते ३० मीटर उंचीत, ५.४ लाख
०.५ मीटर : तेवढंच आवार, ६ मीटर उंचीपर्यंत, १०.८ लाख
आणि संपूर्ण जमिनीवर २० मीटर उंचीपर्यंत ४ मीटरचा थर, ९.३ लाख

पेट्या एकमेकींत शिरतात म्हणून थोडं कमी होईल, पृष्ठभागावरची बारकाई आणि लेयर धरले की थोडं वाढेल. एकूण ५५ ते ६० लाख. मेश करताना दर १० लाख सेलमागे २ जीबी मेमरी धरा. ६४ जीबीत आरामात बसतं.

सगळ्यात बारीक पेटीचं छत दीड किंवा दोन मीटरवर ठेवू नका. नेमक्या मोजायच्या पातळीवर सेलचा आकार दुप्पट झाला की वेगाच्या चित्रात पट्टे उमटतात आणि ते वाऱ्याचे समजून बसायला होतं. ०.५ मीटरच्या सेलने दीड मीटरची पातळी तिसऱ्या सेलच्या माथ्यावर येते. जपानच्या वास्तुकला संस्थेची पादचारी वाऱ्यासाठीची सूचना अशीच आहे : मोजायची उंची जमिनीपासून तिसऱ्या किंवा त्यावरच्या सेलमध्ये असावी, आणि इमारतीच्या एका बाजूवर निदान १० सेल. लगतच्या सेलमधली वाढ १.३ च्या आत.

खारफुटी

वरचं सगळं मान्य. पण अजून कोणी खरबरीतपणाबद्दल बोललं नाही, आणि पहिल्या सेलची उंची या कामात त्यावरच ठरते.

खाडीचं उघडं पाणी असेल तर खरबरीतपणाची लांबी, झेड-नॉट, ०.०००२ मीटर. मोकळं गवत ०.०३. कांदळवनाला झाडांच्या उंचीचा दहावा भाग धरला तर अर्ध्या मीटरच्या आसपास. दाट शहर १ किंवा त्याहून जास्त. फरक किती पडतो बघा. १० मीटरवर वारा ५ मीटर प्रति सेकंदच ठेवला, तर लॉग नियमाने १२० मीटरवर पाण्यावरून येणारा वारा ६.१ होतो आणि दाट शहरावरून येणारा १०.४. टॉवर वरचा वारा खाली ओढून आणतो, म्हणून हा फरक शेवटी पादचाऱ्याच्याच अंगावर येतो. खाडीकडून येणाऱ्या आणि शहराकडून येणाऱ्या दिशांना एकच प्रोफाइल लावणं चूक आहे.

आता मेशशी संबंध. बऱ्याच सॉफ्टवेअरचं रफ वॉल फंक्शन झेड-नॉट घेत नाही, वाळूच्या कणाएवढी उंची, के-एस, मागतं. फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये के-एस म्हणजे ९.७९३ गुणिले झेड-नॉट भागिले सी-एस (खरबरीतपणाचा स्थिरांक). सी-एस नेहमीचा ०.५ ठेवला की के-एस झाला झेड-नॉटच्या जवळपास २० पट. आणि पहिल्या सेलचा मध्य के-एसच्या वर असायला हवा.

कांदळवनाला के-एस आला ९.८ मीटर. सेलची उंची २० मीटरच्या जवळ न्यावी लागेल. गवताला के-एस ०.५९, सेल सव्वा मीटरच्या आसपास. तुमचा अर्ध्या मीटरचा सेल गवतालाही चालत नाही. असं असतानाही दामटून चालवलं की काही सॉफ्टवेअर के-एस गुपचूप कापून सेलच्या मध्याएवढा करतात, जमीन ठरवलेल्यापेक्षा गुळगुळीत होते आणि वारा टॉवरपाशी पोचेपर्यंत जमिनीलगत वेग घेतो. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान खाली गेलेले असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

ओपनफोममध्ये वाट सोपी आहे. वातावरणीय रफ वॉल फंक्शन वापरा, त्यात झेड-नॉट थेट देता येतो. अट एवढीच की पहिल्या सेलचा मध्य झेड-नॉटच्या स्पष्ट वर हवा. दूरच्या जमिनीवर ४ मीटरचा सेल, मध्य २ मीटरवर, झेड-नॉट ०.५ : चालतं. आवारात ०.५ चा सेल, मध्य ०.२५, फरसबंदी-लॉनला झेड-नॉट ०.०१ ते ०.०३ : चालतं. त्यासाठी जमीन एकच पॅच (एकच अट लावलेला पृष्ठभाग) ठेवू नका. जमिनीचं एसटीएल (त्रिकोणांत मांडलेला पृष्ठभाग) दोन भागांत करा, दूरची जमीन आणि आवार. ज्या इमारती प्रत्यक्ष मांडल्या आहेत त्यांचा खरबरीतपणा झेड-नॉटमध्ये परत धरला तर तो दोनदा मोजला जातो.

इनलेटला, म्हणजे वारा आत येतो त्या कडेला, रिचर्ड्स आणि हॉक्सी यांनी १९९३ मध्ये मांडलेली प्रोफाइल : वेग लॉग नियमाने, के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) उंचीभर सारखा, एप्सिलॉन (ती विरण्याचा दर) घर्षणवेगाच्या घनावर आणि उंचीच्या उलट प्रमाणात. मग आधी रिकामं डोमेन चालवा. टॉवर नाही, शेजारी नाहीत, सर्वत्र दूरच्या जमिनीचाच झेड-नॉट, आणि जमिनीलगतची सेलची उंचीही सर्वत्र दूरच्या जमिनीचीच, ४ मीटर. टॉवरच्या जागी येणारं प्रोफाइल इनलेटच्या प्रोफाइलवर ठेवून बघा. खालच्या २०-३० मीटरमध्ये वेग किंवा के सरकलेला दिसला तर दोष मेश-वॉल फंक्शनच्या जोडीत आहे, टॉवर घालून तो जाणार नाही. दोन तासांचं काम आहे, टाळू नका.

कोलशेत_वारा

खरबरीतपणाचा मुद्दा पूर्ण निसटला होता, आभार. लेयरचं काय करू मग? भिंतींवर अजिबात नकोत का? आणि ८२ अंश कुठून येतात?

येऊर_उतरण

टॉवरच्या भिंतींवर नकोत. आवाराच्या जमिनीवरही नकोत, ०.५ चे सेल तसेच राहू द्या. दूरच्या जमिनीवर हवे तर दोन-तीन, आणि तेही रिकाम्या डोमेनने मागितले तरच. लेयर घातल्यावर मध्याची उंची बदलते, खारफुटी यांची अट पुन्हा तपासावी लागेल.

लेयर ठेवणारच असाल तर स्नॅपीत रिलेटिव्हसाइझेस बंद करून जाडी मीटरमध्ये द्या, नाहीतर लेव्हल बदलेल तिथे जाडीही बदलते. लेयरचा फीचरअँगल १३० च्या आसपास ठेवा. जमीन आणि भिंत यांच्यात ९० अंशांचा कोन आहे, फीचरअँगल त्याहून कमी असेल तर नेमक्या त्या सांध्यात लेयर कोसळतात. तुमच्या निम्म्या भिंतींवरचे लेयर जायचं एक कारण हेच असण्याची शक्यता दाट आहे.

८२ अंश कुठे आहेत ते आकड्यावरून कळत नाही. चेकमेशने लिहिलेला खराब फेसचा (सेलच्या बाजूंचा) सेट चित्र दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमध्ये उघडा. अशा मॉडेलमध्ये ते तीन ठिकाणी सापडतात : कोसळलेल्या लेयरच्या काठावर, दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले तिथे, आणि एसटीएलमधल्या सुरीसारख्या पातळ त्रिकोणांपाशी. चेकमेश ७० च्या वर इशारा देतं. ६५ पर्यंत निर्धास्त राहा. ७० च्या आसपास नॉन-ऑर्थोगोनल करेक्टर १-२ आणि लिमिटेड लॅप्लासियन स्कीमने भागतं. ८२ च्या मेशवर सॉल्व्हर चालवून वेळ घालवू नका, भूमिती दुरुस्त करा.

भूमितीबद्दल चार गोष्टी पटकन. आर्किटेक्टची फाइल मिलिमीटरमध्ये असते, ०.००१ ने स्केल करा, नाहीतर टॉवर १२० किलोमीटर उंच होतो. ग्रिल, रेलिंग, एसीचे आउटडोअर युनिट, बाल्कनीचे कठडे काढून टाका, अर्ध्या मीटरच्या सेलला ते दिसत नाहीत आणि मेश मात्र बिघडवतात. पोडियम, प्रवेशद्वारावरची छत्री, स्टिल्टची (पोडियमखालची) वाट, कंपाउंडची भिंत काढू नका, खालचा वारा यांच्यामुळेच वळतो. सरफेसचेक चालवून भोकं आणि दुहेरी फेस शोधा, आणि लोकेशन-इन-मेशचा (मेश कुठल्या बाजूला हवी ते सांगणारा) बिंदू सेलच्या फेसवर पडणार नाही असा वेडावाकडा आकडा द्या, १०० नाही तर १००.१३७.

कोपरे घासल्यासारखे, तिरपे दिसत असतील तर फीचर एज (मॉडेलची धारदार कड) नीट निघालेली नाही. इन्क्लुडेड अँगल १५०, फीचर स्नॅपची आवर्तनं १०. मघाशी म्हटलं की सेपरेशन कोपरा ठरवतो, तेव्हा कोपरा घासला गेला की सगळं उत्तरच हलतं. लेव्हलमध्ये निदान तीन सेलचं अंतर ठेवा.

आणि कन्व्हेक्शनला (प्रवाहाबरोबर वाहून जाणाऱ्या भागाला) फर्स्ट ऑर्डर अपविंड ही ढोबळ स्कीम शेवटपर्यंत ठेवू नका. सुरुवातीची २००-३०० आवर्तनं ठीक, पुढे सेकंड ऑर्डर.

रबाळे_पाईप

थोडं विषयांतर, पण इथेच विचारतो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक प्लांटसाठी कूलिंग वॉटरचा १५० मिलिमीटरचा बेंड, वेग २ मीटर प्रति सेकंद, पाणी ३० अंश, भिंतीतून उष्णता जाते. इथेही वाय-प्लस १ सोडायचा का?

खारफुटी

इथे नाही सोडायचा. उष्णतेचा प्रश्न भिंतीलगतच सुटतो, आणि बेंडला धारदार कोपरा नाही.

३० अंशांच्या पाण्याला व्हिस्कॉसिटी ०.८ × १०⁻⁶, रेनॉल्ड्स ३,७५,०००. गुळगुळीत पाईपचा डार्सी घर्षणांक ०.०१३९. घर्षणवेग म्हणजे वेग गुणिले घर्षणांकाच्या आठव्या भागाचं वर्गमूळ, ०.०८३ मीटर प्रति सेकंद. वाय-प्लस १ आला ९.६ मायक्रॉनवर, सेलची उंची १९ मायक्रॉन. पाण्याचा प्रँटल आकडा (वेग आणि उष्णता पसरण्याचं गुणोत्तर) इथे ५.४, म्हणून तापमानाचा थर वेगाच्या थरापेक्षा पातळ. घनमुळाने भागलं की वाय-प्लस ०.५ च्या जवळ ठेवावा लागतो, म्हणजे सेल १० मायक्रॉन. नुसता प्रेशर ड्रॉप हवा असता तर १९ पुरला असता.

लेयर किती हे शेवटच्या लेयरवरून ठरवा. १९ मायक्रॉन आणि १.२ ने २० लेयर घेतले तर शेवटचा ०.६ मिलिमीटर. आतला सेल २ मिलिमीटर असेल तर तिप्पट उडी बसते. २५ लेयर घेतले तर शेवटचा दीड मिलिमीटर, एकूण जाडी ९, उडी १.३. १० मायक्रॉनपासून सुरुवात असेल तर आणखी तीन-चार.

आता खरबरीतपणा इथेही. नव्या कार्बन स्टीलचा ०.०४५ मिलिमीटर. भिंतीच्या एककांत तो ४.७ येतो, पाचच्या आत, म्हणजे पाईप गुळगुळीतच समजा. पण गंज-क्षार साचून ०.३ मिलिमीटर झाला असेल तर तोच आकडा ३० च्या पुढे जातो. मग १० मायक्रॉनच्या सेलला काही अर्थ उरत नाही, तो खडबडीच्या पोटात आहे. तेव्हा रफ वॉल फंक्शन घ्या आणि सेलचा मध्य ०.३ मिलिमीटरच्या वर न्या. मध्य ०.४८ वर ठेवला तर वाय-प्लस ५० येतो, सेल जवळपास १ मिलिमीटर. वाय-प्लस ५ ते ३० च्या मधल्या पट्ट्यात मात्र राहू नका, तिथे लॉग नियमही लागत नाही आणि सबलेयरही (भिंतीला चिकटलेला पातळ थर) नाही.

रबाळे_पाईप

पाईप जुना आहे, क्षार आहेत. म्हणजे १ मिलिमीटरचा सेल. आडव्या छेदाला ओ-ग्रिड, बेंडच्या आधी १० व्यास सरळ पाईप आणि मागे २० व्यास घेतोय.

मोजपट्टी

१० व्यास तेव्हाच पुरतात जेव्हा इनलेटला आधीच विकसित झालेलं प्रोफाइल देता. सपाट वेग दिलात तर नाही. छोटा पिरिऑडिक पाईप (ज्याचं मागचं तोंड पुढच्याला जोडलेलं धरतात) वेगळा चालवून प्रोफाइल तिथून घ्या, आणि त्या पाईपला भिंतीजवळची मेश बेंडचीच ठेवा.

आता टॉवरकडे. एका मेशवरचं उत्तर देऊ नका. तीन मेश करा, लगतच्या दोघींत सेलच्या लांबीचं गुणोत्तर निदान १.३. स्नॅपीत हे करायची सोपी रीत म्हणजे बॅकग्राउंड सेल २०.८, १६ आणि १२.३ मीटर घ्यायचा, लेव्हल तशाच. १.३ चा घन २.२, म्हणून ६० लाखांचे बारीक मेशमध्ये १.३ कोटी आणि जाड मेशमध्ये २७ लाख.

एका बिंदूवरचा वेग उदाहरणादाखल ३.१०, ३.३० आणि ३.४२ आला असं धरा. फरक ०.२० आणि ०.१२, गुणोत्तर १.६७. त्याचा लॉग भागिले १.३ चा लॉग, म्हणजे प्रत्यक्षात मिळालेली ऑर्डर १.९५. सेकंड ऑर्डर स्कीमला शोभेल अशी. ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स, म्हणजे मेशमुळे उरलेल्या चुकीचा अंदाज, १.२५ × (०.१२ / ३.४२) / ०.६६७, साडेसहा टक्के. ऑर्डर ४-५ आली किंवा फरक उलट्या दिशेला गेला तर तो इंडेक्स वापरू नका, मेश अजून त्या टप्प्याला आलेली नाही.

यात एक खाच आहे. बारीक मेशमध्ये पहिल्या सेलचा मध्यही खाली येतो, ०.२५ वरून ०.१९ वर. झेड-नॉट ०.०३ असेल तर तरीही सुरक्षित. आणि दीड मीटरचा वेग सेलच्या मध्यावरून नको, इंटरपोलेट करून घ्या, नाहीतर तीन मेशमध्ये तीन वेगळ्या उंचीवरचे वेग ताडून बघाल.

बिंदू निवडताना फक्त टॉवरच्या मागचे घेऊ नका. स्थिर रॅन्स इमारतीमागचा फेरवारा खऱ्यापेक्षा लांब दाखवतो, मेश कितीही बारीक केली तरी. ती चूक मॉडेलची आहे. कोपऱ्यांवर आणि वाटेच्या तोंडाशी बिंदू ठेवा, जास्तीचा वारा तिथेच आहे.

येऊर_उतरण

दिशांबद्दल राहिलं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, आणि घोडबंदरच्या पश्चिमेला येऊरच्या टेकड्या, टॉवरपेक्षा उंच. त्या दिशांना सपाट डोमेन चालणार नाही. टेकडी घेतलीत तर डोमेनची उंची आणि इनलेटचं अंतर टेकडीच्या उंचीवरून काढा, टॉवरच्या नाही. उतारावर १६ किंवा ८ मीटरचे सेल पुरतात, पण जमिनीलगतचा थर उताराच्या कलाने जायला हवा. एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारने मोजलेल्या) दर ३० मीटरच्या उंचीच्या माहितीत झाडांचे आणि इमारतींचे माथेही मिसळलेले असतात, ते गाळून पृष्ठभाग थोडा मऊ केल्याशिवाय एसटीएल करू नका. खाडीकडच्या पूर्व आणि ईशान्य दिशांना सपाट डोमेन आणि पाणी-कांदळवनाचा झेड-नॉट.

१२ किंवा १६ दिशा करताना मेश फिरवू नका, भूमिती फिरवा. सरफेस-ट्रान्सफॉर्म-पॉइंट्सने एसटीएल उभ्या अक्षाभोवती वळवायचं, डोमेन आणि वेकची पेटी वाऱ्याच्या रेषेत तशीच राहते. प्रत्येक दिशेला चेकमेश नव्याने बघा. ४५ अंशांना भिंती ग्रिडला तिरप्या जातात आणि स्नॅपिंग सगळ्यात जास्त तिथे फसतं.

कोलशेत_वारा

ठरलं. भिंतींवर लेयर नाहीत, जमीन दोन पॅचमध्ये, आधी रिकामं डोमेन, मग २७ लाख, ६० लाख, १.३ कोटी. शेवटची शंका : स्टिल्टची वाट ६ मीटर रुंद आहे, ०.५ ने १२ सेल बसतात. उंची साडेचार, तिथे ९ च. चालेल?

मोजपट्टी

वाटेत एक लेव्हल वाढवा, ०.२५. आतला भाग ६ × ४.५ × २४ मीटर, ६४८ घनमीटर, म्हणजे साडेएकेचाळीस हजार सेल. ६० लाखांत हे काहीच नाही. पेटी दोन्ही तोंडांच्या ३-३ मीटर बाहेर काढा, वारा आत शिरताना आकसतो तो तोंडाशीच. आणि आतल्या फरशीचा झेड-नॉट वेगळा द्या. मध्य आता ०.१२५ वर आला आहे, लॉनचा ०.०३ तिथे नको.

खारफुटी

फरशीला ०.००१ पुरे. मग फरशीसाठी तिसरा पॅच लागेल, एसटीएल कापतानाच तो वेगळा करून ठेवा.